सच्छिद्र हाड-सिमेंट : सुरुवात करताना

हाडातला खड्डा भरायचं सच्छिद्र सिमेंट बनवायला शिकताना औषधं, वाढघटक (पेशींची वाढ घडवणारी प्रथिनं), थ्रीडी प्रिंटिंग सध्या बाजूला ठेवा. आधी एक साधं सिमेंट हाताला बसू दे: अल्फा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेटची बारीक पूड आणि डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेटचं २.५ टक्के द्रावण. १ ग्रॅम पुडीला ०.४ मिली द्रावणापासून सुरुवात करा.

लगदा घट्ट वाटला की नवखे द्रावण वाढवतात. त्याने छिद्रं वाढतात खरी, पण फारच बारीक, आणि ताकद घसरते. पेशी आत शिरायला १०० मायक्रॉनच्या वरची, एकमेकांना जोडलेली छिद्रं लागतात. त्यासाठी मॅनिटॉलचे (पाण्यात विरघळणारा साखरेसारखा पदार्थ) १५० ते ३०० मायक्रॉनचे स्फटिक चाळून मिसळा. प्रमाण आकारमानाने ठरवा, वजनाने नव्हे. मॅनिटॉलची घनता पुडीच्या जवळपास निम्मी असते. सिमेंट सेट झाल्यावर ३७ अंशांच्या पाण्यात ठेवा, पाणी बदलत राहा, म्हणजे मॅनिटॉल विरघळून जातं.

आणखी तीन गोष्टी:

- पूड सिलिका जेल घातलेल्या डेसिकेटरमध्येच (आतली हवा कोरडी ठेवणारं हवाबंद भांडं) ठेवा. गोव्याच्या पावसाळ्यात हे टाळूच नका. ब्रशाइट सिमेंटची (कॅल्शियम फॉस्फेट सिमेंटचा दुसरा प्रकार) मिश्र पूड तर ओल धरून डब्यातच प्रक्रिया सुरू करते.
- ताकद ओल्या नमुन्यावर मोजा. सुका नमुना फसवा आकडा देतो, शरीरात तो सुका राहणार नाही.
- सेट होण्याची वेळ गिलमोर सुईने (ठरावीक वजनाची सुई; पृष्ठभागावर तिचा ठसा उमटेनासा झाला की सिमेंट सेट) मोजा, खोलीचं तापमान वहीत लिहा.

जमल्यास गोव्यातल्या बांबोळीच्या दंत महाविद्यालयातल्या एखाद्या शल्यविशारदाला लवकर भेटा. हाडातल्या खड्ड्यात लगदा कसा भरतात, हे विचाराच.