सबवूफरची धडधड खालच्या घरात जातेय, काय करावं?

तुमची अडचण मला समजली ती अशी: आवाज माफक असतो, सिनेमातले संवाद खालच्या घरात ऐकूही जात नाहीत, पण सबवूफरची (खोल, जड सूर वाजवणाऱ्या स्पीकरची) धडधड मात्र जाते. आणि आता भिंतींना फोम लावायचा की सबवूफरखाली रबरी पॅड घालायचे, असा प्रश्न आहे.

फोम घेऊ नका. तो खोलीतला घुमारा कमी करतो, आवाज बाहेर जाण्यापासून अडवत नाही. त्यातही बेसपुढे, म्हणजे खोल सुरांपुढे, तो जवळजवळ निरुपयोगी आहे. 40 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 40 कंपनांच्या, लाटेची लांबी साडेआठ मीटरच्या आसपास असते. असा सच्छिद्र थर नीट काम करायचा तर त्याची जाडी किंवा भिंतीपासूनचं अंतर लाटेच्या पाव भागाइतकं हवं, म्हणजे दोन मीटरहून जास्त. दोन इंचांचा फोम तिथे काय करणार? भिंत किंवा स्लॅब जड करणं हा खरा अडथळा, पण वजन दुप्पट केलं तरी हिशेबाने 6 डेसिबलच मिळतात, आणि राहत्या फ्लॅटचा स्लॅब दुप्पट कोण करणार.

म्हणून बेस अडवायच्या मागे लागू नका, मुळातच कमी निर्माण करा. हे ऐकायला निराशाजनक वाटतं, पण इथे कानाचा स्वभाव तुमच्या बाजूने आहे. 1000 हर्ट्झचा सूर दोन-तीन डेसिबलला ऐकू येऊ लागतो, 40 हर्ट्झचा मात्र साधारण 50 डेसिबल होईपर्यंत ऐकूच येत नाही. पण एकदा ती पातळी ओलांडली की तो झपाट्याने मोठा वाटू लागतो: मधल्या सुरांना 40 डेसिबल लागतात तेवढा मोठेपणा इथे 30 डेसिबलच्या आसपासच भरून येतो. खालच्या घरात पोहोचणारा बेस बहुतेक वेळा या उंबरठ्याच्या जरा वरच असतो. तुमच्याकडे 5-6 डेसिबल कमी केले तर तुम्हाला थोडं सपक लागेल, खाली मात्र तो त्रास न देण्याइतका कमी झालेला असू शकतो. (याचीच दुसरी बाजू म्हणजे रात्री आवाज उतरवला की बेस पळून गेल्यासारखा वाटतो आणि हात आपोआप सबवूफरच्या आवाजाच्या, म्हणजे गेनच्या, बटणाकडे जातो. तक्रारी तिथेच सुरू होतात.)

आता हे 5-6 डेसिबल आपली मजा न घालवता कुठून काढायचे? सगळ्यात चांगला उपाय फुकटचा आहे: सबवूफर टीव्हीशेजारच्या कोपऱ्यातून उचला आणि सोफ्याला लागून, शक्यतो तुमच्या पाठीमागे ठेवा. कोपऱ्यात बेस फुगतो हे खरं, पण तिथून खोलीची प्रत्येक घुमणारी लहर जास्तीत जास्त चेतवली जाते आणि तुम्ही तीन-चार मीटर लांब बसलेले असता. कानापासून हातभर अंतरावर सबवूफर असेल तर तेवढाच बेस मिळायला गेन बराच खाली आणता येतो. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा, 80 हर्ट्झ किंवा त्याखाली ठेवा, नाहीतर आवाज पाठीमागून येतोय हे कळतं. स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या रिसीव्हरमधलं सबवूफरचं अंतर बदलायला, किंवा त्याची आपोआप होणारी मोजणी पुन्हा चालवायला विसरू नका.

दुसरं म्हणजे खाली एकच सूर जास्त त्रास देत असण्याची शक्यता मोठी आहे. 4.3 मीटर लांबीच्या खोलीत 40 हर्ट्झचा सूर घुमतो. इमारतीत घरं एकावर एक त्याच नकाशाची असतात, त्यामुळे तुमच्याकडे जो सूर घुमतो तोच खालच्या खोलीतही घुमतो. शेजाऱ्यांची वेळ घेऊन खाली जा, वर कुणाला तरी 20 ते 100 हर्ट्झचा सावकाश चढणारा सूर नेहमीच्या आवाजात लावायला सांगा आणि स्वतःच्या कानाने ऐका. फोनवरून ऐकू नका, कॉलमध्ये इतके खालचे सूर येतच नाहीत. जिथे तो अंगावर येतो तो आकडा टिपा आणि इक्वलायझरने (वेगवेगळ्या सुरांची पातळी बदलणाऱ्या सेटिंगने) तेवढाच अरुंद पट्टा 6-8 डेसिबल खाली घ्या. बाकीचा बेस जागच्या जागी राहतो.

मोबाइलच्या आवाज मोजणाऱ्या ॲपवरही विसंबू नका. त्यातला 'ए' हा मापप्रकार 40 हर्ट्झला जवळजवळ 35 डेसिबल कमी दाखवतो. 'माझ्याकडे तर जेमतेम 50 दिसतंय' हे शेजाऱ्यांना सांगणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. 'सी' निवडा, आणि तरीही आकडा अंदाजच समजा.

सिनेमांसाठी रात्रीची वेगळी सेटिंग करून ठेवा. बेससाठीची जी खास वाहिनी असते ती मुळातच इतरांपेक्षा 10 डेसिबल वर वाजवली जाते, तेव्हा सबवूफरची पातळी 4-5 ने उतरवली तर कुणी रसिक रागावणार नाही. 35 हर्ट्झखालचं कापून टाका. रिसीव्हरमध्ये नाइट मोड असेल तर तोही लावा, स्फोट आणि संवाद यांच्यातली दरी कमी होते.

पॅडचं म्हणाल तर आधी परीक्षा घ्या. संगीत चालू असताना सबवूफर जाड, मऊ गादीवर ठेवा आणि खाली फरक पडतो का ते विचारा. काँक्रीटच्या स्लॅबवर बहुधा फारसा पडत नाही, कारण बेस हवेतून स्लॅबला हलवत असतो. लाकडी पोकळ जमिनीवर पडू शकतो. फरक पडला तरच पॅड घ्या, आणि वजनाला साजेसे घ्या: सबवूफर ठेवल्यावर ते दोन-तीन मिलिमीटर तरी दबले पाहिजेत, तेव्हा त्यांची स्वतःची डोलण्याची गती 10 हर्ट्झच्या आसपास येते. न दबणारा टणक रबर काहीच करत नाही आणि चुकीच्या कडकपणाचा पॅड एखादा सूर वाढवूही शकतो. टोकदार खिळ्यांचे पाय असतील तर ते मात्र आजच काढा.

एवढं करूनही खाली त्रास होत असेल तर खोलीत खोली बांधणं उरतं, ते भाड्याच्या घरात विसरा. त्यापेक्षा सोफ्याच्या चौकटीला स्क्रूने बसणारा बेस शेकर घ्या. तो हवा हलवत नाही, थेट बैठक हलवतो. त्यामुळे सबवूफर अगदी हळू किंवा बंद ठेवून, हेडफोन लावूनही धक्का अंगाला जाणवतो. फक्त सोफ्याच्या पायांखाली मऊ रबर घाला, नाहीतर तोच धक्का पायांतून सरळ स्लॅबमध्ये उतरेल.