एका गुंजेचा प्रश्न

प्रश्न : काकू, नमस्कार. मी मँचेस्टरला असतो. वर्षभर घरी बिअर करतोय, एका खेपेला २० लिटर. इथल्या पाण्यात क्षार जवळपास नाहीतच, त्यामुळे माझी पेल एल (फिक्या रंगाची बिअर) सपक लागते असं मित्र म्हणतात. म्हणून ३० लिटर पाण्यात ४ ग्रॅम जिप्सम, २ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड आणि १ ग्रॅम एप्सम सॉल्ट घालायचं ठरवलंय. स्वयंपाकघरातला काटा एकेक ग्रॅमच्या टप्प्यानं मोजतो. एप्सम सॉल्ट टाकलं की कधी ० दाखवतो, कधी २. नेटवर ०.१, ०.०१ आणि ०.००१ ग्रॅमचे काटे दिसतात. कोणता घेऊ? की सरळ चमच्यानं मोजू?
— एक वाचक, मँचेस्टर

उत्तर : ०.०१ ग्रॅम दाखवणारा, १०० किंवा २०० ग्रॅम क्षमतेचा, खिशात मावेल असा काटा घे. दहा-पंधरा पौंडांच्या वर जाऊ नकोस. उरलेल्या पैशांचे हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आण.

इथेच थांबले असते, पण काटा हा माझा हळवा विषय. अंबरनाथच्या एका औषध कारखान्यात अकरा वर्षं मी काचेच्या पेटीतल्या तराजूसमोर बसले. त्याआधीचं बालपण पेणला, आजोबांच्या सोनारकीच्या दुकानात गेलं. आजोबा तोलायला बसले की दुकानात पंखा बंद, दार लोटलेलं, आणि आम्ही पोरांनी बोलायचंही नाही. त्यांचं सगळ्यात धाकटं वजन म्हणजे गुंज. लालभडक बी, टोकाला काळा ठिपका. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे मासा ग्रॅमला किंचित कमी आणि गुंज साधारण ०.१२ ग्रॅमची.

तुझ्या पाण्याला एका गुंजेची अचूकता पुरते. हिशेब मांडते. १ ग्रॅम जिप्सम १ लिटर पाण्यात विरघळलं की सुमारे २३३ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ५५८ मिलिग्रॅम सल्फेट मिळतं. तुझ्या ३० लिटरमध्ये ४ ग्रॅम गेलं की लिटरमागे कॅल्शियम ३१ आणि सल्फेट ७४ मिलिग्रॅमनं वाढतं. आता तोलताना गुंजभर चूक झाली समज. सल्फेट दोन मिलिग्रॅमनं इकडचं तिकडे होईल. ते कोणाच्या जिभेला कळायचं नाही. तुझं पाणी लेक डिस्ट्रिक्टच्या तळ्यांतून येतं (थर्लमिअरचा जलवाहक १८९४ पासून चालू आहे), आणि पाणी कंपनीच्या अहवालात तू जे आकडे वाचतोस त्या सरासऱ्या असतात. तू पातेलं भरतोस त्या दिवशीचं पाणी त्या आकड्यांशी दोन मिलिग्रॅमपर्यंत जुळेल असं धरून चालू नकोस.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर मात्र एक ग्रॅमची चूक सहज होते, म्हणजे सल्फेट १९ नं चुकलं. एप्सम सॉल्टच्या बाबतीत १ च्या जागी ० किंवा २ हा तर जुगारच झाला.

मग ०.१ चा का नको? कोणत्याही स्वस्त काट्याचा शेवटचा आकडा अर्धा खोटा असतो, म्हणून. तो एकानं तरी इकडेतिकडे नाचतो. ०.१ च्या काट्यावर १.० दिसलं तर ते ०.९ असेल, १.१ असेल, दिवस वाईट असेल तर १.२ सुद्धा. ०.०१ च्या काट्यावर शतांश नाचू देत, दशांश जागेवर राहतो. शतांश तुला कधीच लागणार नाहीत, पण दशांशावर भरवसा हवा तर ते विकत घ्यावे लागतात. शिवाय उद्या नवा माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) करून बघायला ५ लिटर पाण्याचं छोटं पातेलं चढवलंस की ४ ग्रॅमचे ०.६७ होतात. तिथे ०.१ चा काटा हात टेकतो.

०.००१ च्या मोहात पडू नकोस. त्या स्वस्त काट्यांची क्षमता बहुधा २० किंवा ५० ग्रॅमच असते. निम्मी जागा वाटीच खाते, आणि तू श्वास सोडलास तरी आकडा हलतो. ते यंत्र काचेच्या पेटीत ठेवायचं, घरातल्या ओट्यावर नाही.

आता या काट्यांची एक खोड सांगते, कारण खोक्यावर ती लिहिलेली नसते. डर्बीला आले त्या वर्षी मी असाच एक काटा घेतला. शेजारचे गृहस्थ घरी बिअर करायचे आणि रसायनशास्त्रातली बाई शेजारी आली म्हणून पाण्याचं खातं माझ्याकडे दिलं होतं. प्लॅस्टिकची वाटी ठेवली, ६.२० ग्रॅम. शून्य केलं. मग चमचा वाटीवर धरून बोटानं हलके टिचक्या मारत कॅल्शियम क्लोराइड सोडायला लागले, प्रयोगशाळेतल्या सवयीनं, दाणा दाणा. वाटीत ढीग दिसतोय आणि आकडा ०.००. आणखी टिचक्या, तरी ०.००. काटा बिघडला म्हणून वाटी उचलली. उणे ६.२० दिसायला हवं होतं, दिसलं उणे ७.९०. म्हणजे १.७ ग्रॅम काट्यानं मुकाट गिळलं होतं.

झालं असं की हे काटे शून्याजवळचा बारीकसा बदल स्वतःच पुसून टाकतात. तापमानानं, वाऱ्यानं आकडा सरकत राहू नये म्हणून ती सोय असते. तुम्ही फार हळू ओतलं तर ते तुमचं मीठही सरकणं समजून पुसतात. त्यामुळे माझ्यासारखं नाजूकपणे ओतू नकोस. एकदम चिमूटभर टाक, किंवा चमच्यातच अंदाजानं घेऊन चमचा बाजूला कर, आकडा स्थिर होऊ दे, मग पुढचं. आणि वाटी रिकामी असताना कितीची होती ते टिपून ठेव. शेवटी वाटी उचलून उणे आकडा बघितलास की चोरी पकडली जाते.

काटा आला की लगेच कॅलिब्रेशनचं, म्हणजे ठरावीक वजन ठेवून काटा जुळवायचं, बटण दाबू नकोस. आधी खिशातली नाणी काढ. नवं, चकचकीत २० पेन्सचं नाणं बरोबर ५.०० ग्रॅमचं. १ पेनी ३.५६, २ पेन्स ७.१२, म्हणजे दोन पेन्या आणि एक २ पेन्स यांचं वजन सारखंच यायला हवं. एक नाणं ठेव, मग दोन, मग पाच. काटा खाली खरा आणि वर खोटा असेल तर इथे कळतं. तेच नाणं ताटलीच्या मधे आणि चारही कडांवर ठेवून बघ. कडेला फरक आला तर तोलताना वाटी नेहमी मधोमध. तेच नाणं दहा वेळा उचलून ठेव आणि दहा आकडे लिही. ०.०२ च्या आत राहिले तर काटा ठेव, ०.१० नं भरकटले तर परत पाठव. नाणी बरोबर येत असतील तर कॅलिब्रेशनच्या वाटेला जाऊच नये. हलक्या दर्जाच्या १०० ग्रॅमच्या वजनानं चांगला काटा बिघडवलेले लोक मी पाहिले आहेत.

बाकी किरकोळ. ओट्यावरचा एक्झॉस्ट बंद कर. काटा थंडगार गॅरेजमधून आणलास तर अर्धा तास घरात बसू दे. आकडे उगाच वर चढायला लागले तर आधी सेल बदल. आणि ठेवताना त्याच्यावर माल्टची पिशवी टाकू नकोस. आत धातूची छोटी पट्टी असते, ती वाकते तेवढ्यावर सगळं गणित चालतं. एकदा जास्त वाकली की संपलं.

खरं तर तुझी मोठी चूक काट्यात होणारच नाही, बरणीत होईल. कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात पेणच्या घरी मिठाच्या बरणीचं जे व्हायचं, ते याचं मँचेस्टरला बारा महिने होतं. तू २ ग्रॅम तोलशील, त्यात मीठ किती आणि पाणी किती देव जाणे. शिवाय ते दोन प्रकारांत मिळतं, डायहायड्रेट (दाण्यातच पाणी बांधलेलं) आणि निर्जल (पाण्याविना). पहिल्याच्या ग्रॅमभरात सुमारे ४८२ मिलिग्रॅम क्लोराइड, दुसऱ्याच्या ६३९. कृती डायहायड्रेटची आणि बरणी निर्जलाची निघाली, तर तुझ्या २ ग्रॅमनं लिटरमागे ३२ ऐवजी ४३ मिलिग्रॅम क्लोराइड पडेल. एवढी चूक गुंजभर हुकल्यानं कधी होत नाही. लेबल वाच.

मी करते ते असं : बरणी नवीकोरी असतानाच ५० ग्रॅम डायहायड्रेट थोड्या पाण्यात विरघळवायचं आणि पाणी घालत एकूण ५०० मिलिलिटर करायचं. भांडं गरम होईल, घाबरू नकोस. त्याच्या १० मिलिलिटरमध्ये बरोबर १ ग्रॅम. पुढे औषधाच्या सिरिंजनं मोजायचं. ५० ग्रॅम तर तुझा आत्ताचा काटाही नीट तोलतो. एप्सम सॉल्टचंही हेच करता येतं. जिप्समचं मात्र नाही. ते लिटरभर पाण्यात जेमतेम सव्वादोन-अडीच ग्रॅम विरघळतं, त्याचं घट्ट द्रावण होतच नाही. ते कोरडंच तोलायचं. म्हणजे खरं बघता काटा तुला जिप्समसाठीच हवाय.

चमच्याचं विचारलंस. माझ्या चहाच्या चमच्यात जिप्सम सैल भरलं तर साडेतीन ग्रॅम बसतं, दाबून भरलं तर पाच. तूच ठरव. क्लोरीन घालवायला कॅम्पडेनची गोळी वापरत असशील तर तुझ्या ३० लिटरला अर्धी, ती सुरीनं कापायची. तिला काटा नको.

प्रश्न : मी रीडिंगला राहते. नवऱ्याच्या बिअरसाठी वाढदिवसाला बारीक काटा द्यावा म्हणते. उपयोग होईल ना?
— एक वाचक, रीडिंग

उत्तर : काटा द्या, पण सोबत पीएच मीटर (आंबटपणा मोजणारं यंत्र) द्या, नाहीतर काटा कपाटात जाईल. तुमच्याकडचं पाणी चुनखडीतून येतं, किटलीत बघताच तुम्ही. त्यात कॅल्शियम आधीच भरपूर, अडचण अल्कलिनिटीची, म्हणजे पाणी आंबटपणा मारून टाकतं त्याची. ती लॅक्टिक अॅसिडनं खाली आणतात आणि ते मिलिलिटरनं मोजतात, ग्रॅमनं नाही. क्षार नंतर, चवीपुरते.

प्रश्न : मुलाकडे इंग्लंडला तीन महिने राहून आलो. त्याचं बघून ०.०१ ग्रॅमचा काटा आणि जिप्समची पुडी घेऊन आलोय. पुण्याला घरी बिअर सुरू करावी म्हणतो. पाणी खडकवासल्याचं. किती क्षार घालू?
— एक सेवानिवृत्त वाचक, पुणे

उत्तर : काका, शून्य. इंग्लंडमध्येही १९६३ पर्यंत घरी बिअर करायला परवाना लागायचा. अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी तो काढला, आणि विकायची नसेल तर आता तिथे कोणी विचारत नाही. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणं त्याला चालत नाही. जिप्समची पुडी कुंडीतल्या टोमॅटोला घाला.

काटा मात्र परत पाठवू नका. श्रीखंडासाठी एक ग्रॅमची केशराची डबी आणाल ना, ती घरी आल्यावर वाटीत रिकामी करून तोला. मी दरवेळी तोलते. आकडा डबीच्या बुडाला पेन्सिलीनं लिहिते आणि डबी पुढच्या वेळी दुकानात सोबत नेते.