प्रशिक्षण एकच, मग फरक कुठे पडतो?

प्रश्न : बाल न्याय मंडळाकडून आलेल्या मुलांसोबत आमची संस्था सिडको-सातपूर भागात काम करते. चारही समुपदेशकांचं प्रशिक्षण एकत्र झालं. तरी दोघांकडची मुलं सावरतात, दोघांकडची पुन्हा मारामारीत सापडतात. पुन्हा प्रशिक्षण द्यावं, की ऑफिसचं वातावरण सुधारावं?
– एक पर्यवेक्षक, नाशिक

उत्तर : आधी हे बघा, की शिकवलेली पद्धत घरापर्यंत पोहोचते का. समुपदेशकाला विचारून ते कळत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्कॉट हेंगेलर यांची मल्टिसिस्टेमिक थेरपी ही मुलासोबत त्याचं घर, शाळा आणि मित्र या सगळ्यांवर काम करणारी पद्धत. तिच्यात हे पालकालाच विचारतात. दर महिन्याला, 28 प्रश्न, आणि विचारणारी व्यक्ती तो समुपदेशक नसते. हेंगेलर यांच्या 1997 च्या अभ्यासात जिथे पद्धत नीट पाळली गेली, तिथे मुलांचे परिणामही चांगले होते.

तुम्ही चार प्रश्नांवर भागवा. या आठवड्यात घरी नेमकं काय करायचं ठरलं? ते जमलं का, हे पुढच्या भेटीत विचारलं का? अडलं कुठे, ते शोधलं का? शाळेशी कोण बोललं? ‘ताई येतात, मुलाला छान समजावतात’ एवढंच उत्तर आलं, तर पद्धत सुटली म्हणून समजा. मुलाला समजावणं हे मुख्य काम नव्हेच, आईवडिलांच्या हाती लगाम देणं हे आहे. वडील सातपूरच्या कंपनीत रात्रपाळीला असतील, तर ‘नऊच्या आत घरी’ हा नियम पाळून घेणार कोण? आईला एकटीला जमत नसेल, तर शेजारचे काका की मामा? पाळी बदलली की हे पुन्हा ठरवावं लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं.

वातावरणाचाही वाटा आहे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या पूर्व भागातल्या 14 काउंटींत (जिल्ह्यांत) ग्लिसन आणि सहकाऱ्यांनी (2010) या थेरपीला संस्था सुधारण्याच्या कार्यक्रमाची जोड देऊन पाहिली. दोन्ही मिळाले तिथे सहा महिन्यांनी मुलांचं वागणं अधिक सुधारलं होतं. अठरा महिन्यांनी वागण्यातला फरक उरला नाही, पण घराबाहेर ठेवावी लागलेली मुलं कमी होती.

मल्टिसिस्टेमिक थेरपीत एका समुपदेशकाकडे एकावेळी चार ते सहा कुटुंबं असतात. तुमच्याकडे वीस असतील तर कितीही शिकवा, गृहभेटी उरकल्याच जाणार. तेव्हा आधी तो भार उतरवा. दर आठवड्याची बैठक अहवालाच्या तारखांत घालवू नका. पालकांची उत्तरं समोर ठेवून प्रत्येक घरात काय अडलं ते बोला. आणि ती उत्तरं पगारवाढीला कधीही जोडू नका, नाहीतर पालकांना काय सांगायचं ते आधीच शिकवलं जाईल. प्रशिक्षण त्यानंतर, तेही जिथे चुकतंय तेवढ्याच भागाचं.