भरतीचं रनिंग आणि दुखणारी नडगी

भाऊ, १६०० मीटरची तयारी करतोयस ना, मग जळगावच्या मेहरूण तलावाकडच्या डांबरी रस्त्यावर रोज जोर लावू नकोस. वेगाचा सराव आठवड्यातून दोनदाच, तोही मातीवर. एकूण अंतर आठवड्याला साधारण १० टक्क्यांनी वाढव. दम लवकर वाढतो, हाड सावकाश तयार होतं. भानगड तिथेच होते.

नडगीच्या आतल्या कडेवरून बोट फिरव. चार-पाच बोटं लांबीचा पट्टा दुखत असेल तर पळणं निम्म्यावर आण. पण एकाच ठिकाणी बोटाच्या टोकाएवढं दुखत असेल, एका पायावर उडी मारताना कळ येत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. पळणं बंद, डॉक्टर गाठ. असा तडा सुरुवातीच्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून नुसत्या नॉर्मल रिपोर्टवर मैदानात उतरायचं नाही.

जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीभोवती दुखतं? बहुतेक वेळा मांडी आणि खुब्याचे स्नायू कमी पडतात. पायरीवर एका पायावर उभा राहा, दुसरी टाच तीन सेकंदांत खाली टेकव, गुडघा आत वळू देऊ नकोस. १० चे ३ सेट, दिवसाआड.

गुडघा सुजला किंवा अडकला तर तेल चोळत बसू नकोस, लगेच दाखव.