मुलगा म्हणतो, आफ्रिकन हाऊसचा डीजे व्हायचंय

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्षभर तो दक्षिण आफ्रिकेतल्या एका डीजेचं नाव घेतोय, ब्लॅक कॉफी. कॉलेज सोडून तीन महिन्यांचा डीजे कोर्स करायचा म्हणतो. फी दीड लाख, कन्सोलचा, म्हणजे गाणी मिसळायच्या यंत्राचा खर्च वेगळा. आमच्याकडे डीजे म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरवर लावलेली डॉल्बी. हे साखर कारखान्यात नोकरीला आहेत. ह्यांचं आणि त्याचं दोन महिने धड बोलणं नाही. ‘त्या माणसाला ग्रॅमी मिळालंय’ एवढंच तो सांगतो. आम्ही काय करावं? – एक आई, कोल्हापूर जिल्हा

ताई, नमस्कार.

आधी ती डॉल्बी डोक्यातून काढा. तुमचा मुलगा जे म्हणतोय ते हाऊस, म्हणजे क्लबमध्ये नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत. त्याचा ट्रॅक्टरशी काही संबंध नाही. आणि खरं सांगायचं तर त्यानं माणूस चांगला निवडलाय. फक्त त्या माणसाबद्दल त्याला ग्रॅमी, हे अमेरिकेतलं संगीताचं मोठं पारितोषिकच तेवढं ठाऊक दिसतंय. त्याआधीचं मी सांगते, ते त्यालाही वाचून दाखवा.

ब्लॅक कॉफी म्हणजे न्कोसिनाथी मापुमुलो. जन्म १९७६चा, डर्बनचा. बालपणाचा बराच काळ पूर्व केपमधल्या म्थाथा गावात गेला. फेब्रुवारी १९९० मध्ये नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटले, तेव्हा लोक रस्त्यावर उतरून नाचत होते. त्या गर्दीत एक गाडी घुसली. त्यात या तेरा वर्षांच्या पोराच्या डाव्या हाताच्या नसा गेल्या आणि तो हात पुन्हा चालला नाही. पुढं कित्येक वर्षं तो डावा हात खिशात घालून वाजवायचा. बघणाऱ्यांना वाटायचं, स्टाईल आहे.

हा प्रसंग पोरं एकमेकांना ‘प्रेरणादायी’ म्हणून पाठवत असतात. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. शाळा संपल्यावर हा मुलगा डर्बनच्या टेक्निकॉनमध्ये, म्हणजे तिथल्या तंत्रशिक्षणाच्या कॉलेजात गेला आणि तिथं जॅझ शिकला. मदाला कुनेने या गिटारवादकाच्या मागं उभं राहून कोरसमध्ये गायला. दोन मित्रांबरोबर ‘शाना’ नावाचा गट काढला. डीजे म्हणून वाजवणं नव्वदीच्या मध्यापासून चालूच होतं. २००३ मध्ये केपटाउनला रेड बुल म्युझिक अकॅडमी ही संगीतकारांची कार्यशाळा भरली, तिथं त्याची निवड झाली. पहिला अल्बम आला २००५ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. त्यातलं गाजलेलं काम म्हणजे दक्षिण आफ्रिकेचे ट्रम्पेटवादक ह्यू मासेकेला यांच्या ‘स्टिमेला’ या जुन्या गाण्याचा रिमिक्स. ग्रॅमी मिळालं २०२२ मध्ये, ‘सबकॉन्शसली’ या अल्बमला. तेव्हा तो शेहेचाळीस वर्षांचा होता.

वाजवायला लागल्यापासून पहिल्या अल्बमपर्यंत साधारण दहा वर्षं आणि तिथून ग्रॅमीपर्यंत सतरा. यातले तीन महिने कुठले, ते मुलाला विचारा.

इथं डीजे आणि प्रोड्यूसर यातला फरक तुम्हाला आणि ह्यांना, दोघांनाही कळायला हवा. डीजे दुसऱ्यांची गाणी निवडतो, एकात एक मिसळतो आणि समोरच्या गर्दीचा अंदाज घेत रात्र पुढं नेतो. प्रोड्यूसर गाणं घडवतो : ठेका, सूर, गायकाचा आवाज, सगळ्याची जुळणी त्याची. नाव होतं ते बहुतेक वेळा घडवलेल्या गाण्यामुळं, आणि त्या नावावर डीजे म्हणून बोलावणी येतात. कन्सोल चालवणं सहा महिन्यांत हाताला बसतं. कान तयार व्हायला तेवढा वेळ पुरत नाही. माझ्याकडे आलेल्या एका मुलानं घरच्यांशी भांडून कन्सोल घेतला होता. आता लग्नसराईत तो भाड्यानं जातो. त्यात वाईट काही नाही, पैसे मिळतात. पण त्याला ते करायचं नव्हतं.

आता मुलाच्या लक्षात न आलेली गोष्ट. हाऊस संगीत मूळचं अमेरिकेतलं, शिकागोचं, ऐंशीच्या दशकातलं. दक्षिण आफ्रिकेत त्या तबकड्या पोचल्या तेव्हा जोहान्सबर्गच्या आसपासच्या वस्त्यांमधल्या पोरांनी त्यांची लय संथ केली, वर आपल्या भाषेत बोल टाकले. त्यातून नव्वदीत क्वाइतो जन्मला. पुढं डर्बनमध्ये ग्कोम आला, मग गाउतेंग प्रांतातल्या वस्त्यांमधून अमापियानो. ही गाणी पसरली कशी? आपल्या वडापसारख्या तिथं मिनीबस टॅक्सी चालतात. ड्रायव्हरच्या हातात नवं गाणं दिलं की दिवसभरात शेकडो माणसांच्या कानावर जायचं. तिथं हाऊस क्लबपुरतं नाही. रेडिओवर आहे, लग्नात आहे, खाटकाच्या दुकानाबाहेर मांस भाजून खायच्या ‘शिसा न्यामा’च्या अड्ड्यांवर आहे. ब्लॅक कॉफी या गर्दीतून वर आला. ऐकणारा देश आधीच तयार होता.

आपल्याकडे तसं नाही. २००७ मध्ये गोव्यात कांदोळीला सुरू झालेला सनबर्न हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सव २०१६ मध्ये पुण्यात आला, मोठ्या शहरांत क्लब आहेत, हे खरं. पण ब्लॅक कॉफी वाजवतो ते आफ्रो हाऊस ऐकायला तिकीट काढणारा माणूस कोल्हापुरात शोधावा लागेल. तेव्हा ब्लॅक कॉफी ज्या शिडीनं चढला ती शिडी इथं नाही. मुलाला त्याची वेगळी वाट काढावी लागेल आणि सुरुवातीची बरीच वर्षं पोट दुसऱ्या कामावर भरावं लागेल. जाहिरातींचं संगीत, पॉडकास्टचं साउंड एडिटिंग, वेब मालिकांचं पार्श्वसंगीत, दुसऱ्यांच्या गाण्यांचं मिक्सिंग, ही सगळी त्याच कौशल्यावरची कामं आहेत.

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूनं आहे. आफ्रो हाऊसमध्ये खाली सरळ चारचा ठेका चालतो, मिनिटाला साधारण १२० ठोके, आणि वर तालवाद्यं तीन-तीनच्या वजनानं आडवी जातात. हलगी-घुमकं आणि लेझीम ऐकत वाढलेल्या पोराला हे समजावून सांगावं लागत नाही. लगेच आफ्रिकन गाण्यावर हलगी चिकटवायला सांगत नाहीये हं! तसले प्रयोग फार झालेत आणि बहुतेक फसलेत.

आता बी.कॉम. ते सोडायचं नाही, आणि पदवी हाताशी असावी म्हणून मी हे म्हणत नाहीये. ब्लॅक कॉफीच्या कारकिर्दीतला सगळ्यात शहाणा निर्णय मला त्याच्या वाजवण्यात दिसत नाही. त्यानं ‘सोलिस्टिक’ हे स्वतःचं लेबल, म्हणजे गाणी प्रकाशित करणारी कंपनी काढली, त्यात दिसतो. त्याचं एक गाणं बघा : ब्यूसी या गायिकेबरोबर केलेलं ‘सुपरमॅन’, २००९च्या अल्बममधलं. २०१७ मध्ये कॅनडाच्या ड्रेक या रॅपरनं तेच गाणं नव्यानं घडवून आपल्या संग्रहात घेतलं. म्हणजे आठ वर्षांनी ते पुन्हा उभं राहिलं, जगभर गेलं. अशा वेळी गाण्याचे हक्क कोणाकडे आहेत यावर पैसा कोणाच्या घरी जाणार ते ठरतं. आपल्याकडेही गीतकार-संगीतकारांच्या मानधनासाठी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे आणि २०१२ च्या कायदादुरुस्तीनं त्यांचा रॉयल्टीचा हक्क पक्का केला. पण करारनामा नीट वाचणारे कलाकार मला क्वचित भेटतात. तुमचा मुलगा कॉमर्सचा आहे. करार, जीएसटी, हिशोब त्याला शिकायला मिळताहेत, फुकट मिळाल्यासारखे. आणि तेच सोडायला निघालाय!

कोर्सला दीड लाख देऊ नका. त्याऐवजी वीस हजारांची मर्यादा घाला : चांगला हेडफोन, लॅपटॉपला जोडायचा पंचवीस पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड आणि उरलेल्यात दर आठवड्याला पेटी किंवा पियानोची शिकवणी. लॅपटॉप त्याच्याकडे असेलच. अमापियानो आणि ग्कोम घडवणाऱ्या कितीतरी पोरांनी एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरवर काम सुरू केलं. त्याची चाचणी आवृत्ती फुकट आहे. तिच्यात एक गंमत आहे, काम साठवता येतं पण साठवलेलं पुन्हा उघडता येत नाही. म्हणजे एका बैठकीत गाणं संपवायचं आणि फाईल काढून घ्यायची. अर्धवट सोडायची सवय असलेल्या पोरांना याहून चांगला मास्तर नाही. पदवी संपेपर्यंत बारा गाणी पूर्ण झाली पाहिजेत, चांगली असोत की वाईट. बारा झाली तर कन्सोलचं आणि पुढच्या शिक्षणाचं बोलू. चारच झाली तर त्याचं त्यालाच कळेल, तुम्हाला बोलावं लागणार नाही.

तो खरंच गंभीर आहे का, हे तपासायचं असेल तर एकच करा. आफ्रो हाऊस, ग्कोम आणि अमापियानो यातला फरक गाणी लावून समजावून सांग म्हणा. अमापियानोतला ‘लॉग ड्रम’ म्हणजे तो खोल, घुमणारा बास. तो त्याला ओळखता आला नाही, तर पोरगं गाण्याच्या नाही, झगमगाटाच्या प्रेमात आहे असं समजा.

रात्रीचं काम, दारू, नशा याची काळजी तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, पण ओळींच्या मधे दिसली. काळजी बरोबर आहे. या धंद्यात दारू फुकट मिळते आणि झोप मिळत नाही. त्यावर ओरडण्यापेक्षा व्यवहाराची गोष्ट सांगा : कान गेले तर धंदा गेला. इअरप्लग लावल्याशिवाय क्लबमध्ये जायचं नाही, ही अट मात्र आजच घाला. प्रवासही सोपा नसतो. जानेवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनाला कार्यक्रमाला जाताना विमानप्रवासातच ब्लॅक कॉफीला मोठी दुखापत झाली होती.

राहिला ह्यांचा आणि त्याचा अबोला. ह्यांना हेडफोन लावून ‘स्टिमेला’ ऐकवा, आधी मासेकेला यांचं मूळ गाणं, मग रिमिक्स. स्टिमेला म्हणजे आगगाडी. शेजारच्या देशांतून जोहान्सबर्गच्या खाणींत राबायला माणसं वाहून आणणाऱ्या गाडीचं ते गाणं आहे. तुम्ही लिहिलंय की ह्यांची नोकरी साखर कारखान्यात आहे. हंगामात बीडकडून येणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या बैलगाड्या त्यांनी पाहिल्या असतील. गाणं कशाबद्दल आहे ते मुलालाच सांगू दे, दिवाळीला घरी आला की. तुम्ही तेवढा वेळ स्वयंपाकघरात थांबा.