लेथ चार आण्यांची, मसाला बारा आण्यांचा

प्रश्न : काका, माझं गावात वेल्डिंगचं दुकान आहे. वखराच्या पासा, थ्रेशरचे शाफ्ट अशी कामं येतात, पण टर्निंगचं, म्हणजे लोखंड फिरवून कातायचं, काम निघालं की यवतमाळ गाठावं लागते. एका बंद जिनिंगमधली साडेचार फुटी जुनी लेथ (तेच कातकामाचं मशीन) विकायला आहे. मालक म्हणतो, चालू आहे. घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये बसवीन म्हणतो. घेऊ का?
– एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, 'चालू आहे' म्हणजे मोटर फिरते, एवढाच त्याचा अर्थ घ्या. जिनिंगमधली लेथ म्हटली की मी आधी बेड, म्हणजे मशीनचा लांब पाया, पाहतो. तिथं हवेत रुईचे तंतू उडत असतात. ते तेलाला चिकटतात, त्यात धूळ मिसळते, आणि तो लगदा सॅडलखाली, म्हणजे हत्यार धरून बेडवर सरकणाऱ्या भागाखाली, पॉलिश पेपरासारखा घासत राहतो. चकाजवळ (चक म्हणजे काम धरून फिरवणारी पकड) सॅडलचा लॉक बोल्ट इतका आवळा की सॅडल जेमतेम सरकेल. मग हाताने फिरवत टेलस्टॉककडे, म्हणजे बेडच्या दुसऱ्या टोकाकडे, न्या. मधातच जाम झाली, तर चकाजवळ बेड खाल्ली गेली आहे. थोडी झीज प्रत्येक जुन्या मशीनला असते, थ्रेशरच्या शाफ्टाला ती चालून जाते. मधातच गच्च बसली तर मात्र चहा पिऊन परत या.

मग चकात हातभर लांब जाड सळई धरा, चकाला डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप) टेकवा आणि सळई वर उचलून पाहा. काटा दोन-तीन घरांच्या पुढं गेला तर बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा.

आता मसाला, म्हणजे लेथसोबतचं सामान. भाव ठरवण्याआधी विचारा : फोर-जॉ (चार जबड्यांचा) चक कुठं आहे? वेडंवाकडं काम बांधायची फेसप्लेट? लांब शाफ्टला आधार देणारी स्टेडी? आणि आट्यांचं माप बदलायचे चेंज गिअर? ते बहुतेक कोपऱ्यातल्या ग्रीसच्या डब्यात असतात, किंवा भंगारवाल्यानं किलोनं नेलेले असतात. लीड स्क्रू (आटे पाडताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू) इंची असेल तर मिलिमीटरचे बिनचूक आटे पाडायला १२७ दातांचा गिअर लागतो. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याची पाचपट १२७, म्हणून हा विचित्र आकडा. दात मोजून घ्या. मी मोजले नव्हते. तो एक गिअर पाडून घ्यायला नागपूरच्या तीन चकरा झाल्या, आणि घरात काय ऐकलं ते इथं छापण्यासारखं नाही.

वीज. शेतीच्या कनेक्शनवर चालवायचं मनातही आणू नका. ते नियमात बसत नाही, आणि तिथली थ्री फेज ठरलेल्या तासांचीच, कधी कधी तर रात्रीची. घरच्या सिंगल फेजवर व्हीएफडी (सिंगल फेजची थ्री फेज करून देणारा डबा) लावला की दोन एचपीची थ्री फेज मोटर चालते. मात्र तो २३० व्होल्टच देतो, म्हणून स्टारमध्ये जोडलेली मोटर डेल्टात बदलावी लागते (स्टार-डेल्टा म्हणजे मोटरच्या वाइंडिंगच्या जोडणीचे दोन प्रकार). टर्मिनल बॉक्समधून तीनच वायरी निघत असतील तर स्टारची गाठ आत वाइंडिंगमध्ये आहे; ती रिवाइंडिंगवाल्याकडून बाहेर काढून घ्या.

ट्रॉलीत चढवताना दोर बेडला बांधा. आमच्या पोरांनी घाईत लीड स्क्रूला फास घातला, आणि हिंगणघाटहून घरी पोचेस्तोवर त्याचा इळा झाला होता. मशीन वरून जड असते, नाल्याच्या उतारावर एका अंगाला कलते. सॅडल टेलस्टॉकच्या टोकाला नेऊन लॉक करा, म्हणजे हेडस्टॉककडचं, म्हणजे चकाच्या बाजूचं, वजन थोडं सावरते.

शेडचं तर तुम्ही सहजच लिहून गेले, मला धडकी तिथंच भरली. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर नुसता कोबा टाकून लेथ ठेवली तर बेडला पीळ बसतो, आणि सरळ शाफ्ट निमुळता निघतो. खड्डा मुरूम लागेपर्यंत खणा, मग काँक्रीट. तरी पोळ्याच्या सुमारास एकदा नि मे महिन्यात एकदा लेव्हल लावून पाहत जा.

बेड बरी निघाली आणि गिअरचा डबा सापडला, तर घ्या. डबा नसेल तर मालक म्हणेल त्याच्या निम्म्यापासून बोलायला बसा.

प्रश्न : भंगारातून थ्री-जॉ चक मिळाला. जबडे काढून, साफ करून बसवले, तर आता सळई मधोमध धरतच नाही. चक गेला का?
– एक वाचक, जि. वाशीम

उत्तर : गेला नाही. जबड्यांवर १, २, ३ कोरलेलं असते, तसंच खाचांवरही. रॉकेलनं पुसा म्हणजे दिसेल. चावी फिरवत स्क्रोलचं (जबडे सरकवणाऱ्या आतल्या गोल आट्याचं) टोक पहिल्या खाचेत आलं की १ नंबर सरकवा, मग त्याच क्रमानं २ आणि ३. जबड्यांवरचा सिरियल नंबर चकाच्या अंगावरच्या नंबराशी जुळतो का तेही पाहा. नाही जुळला, तर जबडे दुसऱ्याच चकाचे आहेत, आणि त्यांचा चक अजून त्या भंगारवाल्याकडेच पडला असेल.