मांडीत रॉड आहे, चरबी गोठवून घेऊ का?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय 46. पाच वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडून उजव्या मांडीचं हाड मोडलं. तेव्हा घातलेला टायटॅनियमचा रॉड अजून आत आहे. तांबीही बसवलेली आहे. आता पोटाची आणि मांड्यांच्या बाहेरच्या बाजूची चरबी गोठवून कमी करायचं पॅकेज घ्यावं म्हणते. सेंटरच्या फॉर्मवर ‘शरीरात धातू आहे का?’ असा रकाना होता. तिथली मुलगी म्हणाली, ‘मॅडम, ते सोडून द्या, काही होत नाही.’ तेव्हापासून मनात पाल चुकचुकते आहे. रॉड आतून गार पडला तर? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आधी त्या रकान्यात ‘हो’ लिहा आणि पुढे रॉड, स्क्रू, तांबी असं एकेक नोंदवा. ‘सोडून द्या’ हे वाचून मला खरोखर राग आला. तो रकाना तुमच्यासारख्यांसाठीच छापलेला असतो.

आता रॉडची भीती. चरबी गोठवताना शरीरातून वीज जात नाही, चुंबकाचाही संबंध नसतो. त्वचेवर जेलचं ओलं फडकं ठेवतात, कप लावून चरबीची वळी आत ओढतात आणि यंत्राप्रमाणे 35 मिनिटं ते तासभर थंड करतात. कपातली थंड पट्टी उणे 10 अंशांच्या आसपास असते. कप काढला की वळी फ्रीजमधून काढलेल्या लोण्याच्या वडीसारखी घट्ट लागते, मग ती दोन मिनिटं चोळून मऊ करतात. चरबीच्या पेशी थंडीला त्वचेपेक्षा लवकर बळी पडतात, त्यावर हे सगळं चालतं. बर्फाची कांडी चोखणाऱ्या बाळाच्या गालातली चरबी सुजते, हे डॉक्टरांनी 1970 साली नोंदवलं होतं. त्या धाग्यावरून बॉस्टनमध्ये मॅनस्टाइन आणि अँडरसन या त्वचेच्या डॉक्टरांनी ही पद्धत बसवली, आणि 2010 मध्ये अमेरिकेत कमरेच्या वळ्यांसाठी तिला परवानगी मिळाली.

तुमचा रॉड हाडाच्या पोकळीत आहे. त्यावर हाड, हाडावर मांडीचे जाड स्नायू, आणि त्यांतून सतत गरम रक्त फिरतं. कपात येते ती फक्त त्वचा आणि चरबी. तिथली थंडी रॉडपर्यंत पोचत नाही. शिवाय टायटॅनियम तांब्याच्या मानाने उष्णता फारच कमी वाहून नेतं. तांबी गर्भाशयात, म्हणजे त्याहून लांब. या दोन्हींमुळे निव्वळ गोठवण्याला मी अडवणार नाही.

पण धातू त्वचेलगत असेल तर गोष्ट वेगळी. माझ्या घोट्यात पट्टी आणि सहा स्क्रू आहेत. डिसेंबरात पहाटे फरशीवर पाय ठेवला की नेमकी तीच जागा ठणकते. म्हणून बोटाला लागणाऱ्या पट्टीवर किंवा स्क्रूवर मी कप लावू देत नाही. रॉड पक्का करणारे स्क्रू बहुधा खुब्याजवळ आणि गुडघ्याच्या वर असतात, आणि मांडीची बाहेरची बाजू तुम्हाला करून घ्यायचीच आहे. तेव्हा जुना एक्स-रे घेऊन जा आणि स्क्रू कुठे आहेत ते त्वचेवर पेनने खुणा करून घ्या.

मला धातूपेक्षा टाक्यांची काळजी जास्त वाटते. ऑपरेशनच्या व्रणाभोवती त्वचा पुष्कळदा बधिर असते. माझ्याकडे आलेल्या एका बाईंना सिझेरियनच्या टाक्यांच्या वर रुपयाएवढा फोड आला होता. कप लावलेला असताना त्यांना काहीच जाणवलं नव्हतं. जाणवलं असतं तर त्यांनी हाक मारली असती. घरी एक करून बघा : डोळे मिटा आणि मुलीला खुब्याजवळच्या व्रणाभोवती कापूस आणि बर्फाचा खडा आलटून पालटून टेकवायला सांगा. कुठे काय टेकलं ते सांगता आलं नाही, तर ती जागा वगळायची. मधुमेहाने पाय बधिर असतील, हर्निया असेल किंवा थंडीने अंगावर गांधी उठत असतील, तरीही आधी डॉक्टरांना सांगा.

आता ‘पॅकेज’ या शब्दाकडे वळते, कारण तुमचा खरा धोका तिथे आहे. गोठवून झाल्यावर त्वचा घट्ट करायला रेडिओ लहरींचं यंत्र, स्नायूंना चुंबकीय झटके, असं बरंच काही त्याच पैशांत जोडलेलं असतं. रेडिओ लहरींनी धातूजवळचा भाग तापू शकतो. चुंबकीय झटक्यांच्या यंत्रांवर तर धातू असलेल्या माणसाला लावू नये अशी निर्मात्यांचीच सूचना असते, आणि पोटावर ते लावायचं म्हटलं की तांबीसुद्धा मोजावी लागते. प्रत्येक बैठकीला कुठलं यंत्र, हे बिलावर लिहून घ्या. लिहून द्यायला कां कू केली तर आगाऊ पैसे भरू नका.

आणि पैसे भरण्यापूर्वी एवढंही माहीत असू द्या : एका बैठकीत त्या जागेचा थर साधारण पाचवा हिस्सा कमी होतो, तोही दोन-तीन महिन्यांनी. वजनकाट्यावर फरक दिसत नाही. क्वचित कुणाची चरबी उलट वाढून टणक होते. मॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा यांनी 2021 मध्ये स्वतःच्या बाबतीत हे जाहीरपणे सांगितलं. ती गाठ आपोआप जात नाही, बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते.

प्रश्न : वय 58, पेसमेकर आहे. सूनबाई म्हणते, गोठवणं सुरक्षित आहे, पोट कमी करून घ्या. करू का? – डोंबिवली

उत्तर : काका, पेसमेकर हा नुसता धातू नाही, ते चालू यंत्र आहे. गोठवण्याच्या यंत्राच्या माहितीपत्रकातच पेसमेकर आणि डिफिब्रिलेटर (ठोके बिघडले की हृदयाला झटका देणारं, शरीरात बसवलेलं यंत्र) असलेल्यांनी आधी डॉक्टरांना सांगावं असं लिहिलेलं असतं. तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांनी कागदावर होकार दिल्याशिवाय अपॉइंटमेंट घेऊ नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तीही त्यांना दाखवा. चुंबकीय झटके आणि रेडिओ लहरी तुमच्यासाठी नाहीतच, कुणी फुकट देऊ केलं तरी. सूनबाईंना हे उत्तर वाचून दाखवा, आणि पेसमेकरचं कार्ड पाकिटातच असू द्या.